पाठ टेकवायला शिकले त्याची गोष्ट

शेणव्याच्या थांब्यावर एस.टी. सुटायची वेळ होऊन गेली होती, पण आबांनी कंडक्टरला हात दाखवून थांबवून ठेवलं होतं. त्यांना माझी शेवटची तपासणी करायची होती. बॅग, तिकीट, नोकरीचं पत्र हे सगळं आईने सकाळपासून तीनदा पाहून झालं होतं. आबांची तपासणी वेगळी. त्यांनी मला खिडकीशी बसवलं, स्वतः खाली उतरले, चार पावलं मागे गेले आणि भिंतीवरचा फोटो तिरका तर नाही ना असं बघावं तसं मला बघितलं. मग म्हणाले, "ताठ बस. कुणापुढं वाकायचं नाय."

निरोपाला आलेल्या अख्ख्या बौद्धवाडीने माना डोलावल्या. आई खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "भाकरी आज खा, सुकट उद्या. आनि डबा उघडशील तेवा आजूबाजूला बघून उघड गो."

साल अठ्ठ्याण्णव. मी बावीस वर्षांची, ठाण्याला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरचं शिकलेली, आणि नोकरी लागली होती थेट बंगलोरला. कल्याणहून गाडी सुटली आणि तिथपासून बंगलोरपर्यंत मी ताठ बसले. म्हणजे खरंच बसले. समोरच्या आजोबांनी आधी दुर्लक्ष केलं, सोलापूर गेल्यावर मात्र त्यांना राहवेना. "बेटी, पीठ में कुछ लगा है क्या?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी आपली उशी मला देऊ केली. मी ती मांडीवर घेऊन ताठ बसले.

आबांचं हे ताठ प्रकरण काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आबा वैशाखऱ्याच्या शाळेत शिक्षक होते. वैशाखरे मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावर. सोमवारी सकाळी जायचे, आठवडाभर तिथेच खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारी शेणव्याला यायचे. सोमवार ते शुक्रवार मी आणि माझा भाऊ पडवीत लोळून, पोटावर पडून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करायचो. शनिवारी दुपारी आबांच्या चपला वाजल्या की दोघांच्या पाठी आपोआप सरळ. त्यांच्या पिशवीत एक लाकडी पट्टी असायची. मारायला नाही. आबांनी आम्हाला कधी मारलं नाही. ती पट्टी ते पाठीला लावून बघायचे. पट्टी आणि पाठ यांच्यामध्ये फट दिसली की म्हणायचे, "ह्यातून कोन आत शिरंल, सांगता येत नाय."

आजोबांना, म्हणजे आबांच्या वडिलांना, गावातल्या काही ओट्यांपुढून चपला हातात घेऊन, वाकून जावं लागायचं. आमच्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आबा दहा वर्षांचे होते. त्या दिवशी आजोबांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की आजपासून वाकायचं नाही. दहा वर्षांच्या पोराला सांगितलेली गोष्ट त्याने आयुष्यभर पाळली. एवढंच नाही, आम्हालाही वारसा म्हणून दिली. जमीन थोडी होती, पाठ भरपूर.

आईला या विषयात काही रस नव्हता. आबांनी तिलाही एकदा ऐकवलं, तर ती म्हणाली, "मी काय ताठ उभी राहून आवणी करू? रोपं हवेत लागतील." भाताची रोपं लावताना ती कमरेत अशी वाकायची, की पाठीवर ताट ठेवून जेवता आलं असतं. आबा म्हणायचे, "तुझं वेगळं." काय वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तर अशी पाठ घेऊन मी बंगलोरला आले.

तिथल्या ऑफिसात खुर्च्या मोठ्या सुंदर होत्या. चाकं होती, मागे झुकायची सोय होती. आजूबाजूची पोरं त्यात पहुडलेली असायची, जणू समुद्रकिनाऱ्यावर आलीत. मी त्याच खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर बसायचे. सहा वर्षांत सगळ्यांच्या खुर्च्यांच्या पाठी काळवंडल्या, माझ्या खुर्चीची शोरूममधून आत्ताच आणल्यासारखी. प्रज्ञाची 'प्रग्या' झाले, 'काय गो'चं 'हे गाईज' झालं, आणि रविवारी घरी फोन केला की "कशी हायस?" याला "मजेत" हे एकच उत्तर. तुमच्यापैकी जे बाहेर गेले आहेत त्यांना हे उत्तर माहीत आहे. आपण ते सामानातच घेऊन निघतो.

मान धरायला लागली ती दोन हजार तीनच्या सुमारास. आधी सकाळी, मग दुपारीही. मी बाम लावून दिवस ढकलत होते. दोन हजार चारच्या सुरुवातीला मात्र मोठी फजिती झाली.

परदेशातून क्लायंट आला होता आणि माझं पहिलंच मोठं प्रेझेंटेशन होतं. मी उभी राहिले, पहिली स्लाइड लावली, उजवीकडे पाहिलं आणि मान तिथेच अडकली. क्लायंट बसला होता डावीकडे. उजवीकडे पाण्याचा कूलर होता. थांबावं, सांगावं, हे काही सुचलं नाही. वाकायचं नाही म्हटल्यावर थांबायचं तरी कसं? चाळीस मिनिटं मी त्या कूलरला आमचं सॉफ्टवेअर समजावून सांगितलं. मध्ये दोनदा त्याने गुडगुड केली, तेवढाच प्रतिसाद.

नंतर आमचा मॅनेजर थॉमस मला म्हणाला, "काम चांगलं होतं. पण क्लायंट विचारत होता, तो कूलर आपल्या टीममध्ये आहे का." मग हसणं थांबवून तो म्हणाला, की तीन महिन्यांनी पुन्हा प्रेझेंटेशन आहे. मला जमणार नसेल तर तो दुसऱ्या कोणाला पुढे करेल आणि मी आपलं मागचं काम बघावं. तो चांगल्या मनाने बोलत होता. मला ऐकू आलं ते एवढंच: मागच्या रांगेत. तिथून पुढे यायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या होत्या.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ. त्यांनी मानेला पट्टा दिला आणि टेन्शन कमी करा म्हणाले. पट्ट्यामुळे मी होते त्याहून ताठ झाले. आबांना फोटो पाठवला असता तर त्यांनी फ्रेम करून लावला असता.

मग ऑफिसने सुचवलेला समुपदेशक. तरुण मुलगा होता, सालस, सगळं इंग्रजीत. त्याने विचारलं, प्रेझेंटेशनच्या आधी काय होतं? आपल्याकडे काय होतं? पोटात गोळा येतो. मी त्याचं शब्दशः इंग्रजी करून सांगितलं, की माझ्या पोटात एक बॉल येतो. त्याची पेन्सिल थांबली. "कधीपासून?" मी म्हटलं, "लहानपणापासून. दर शनिवारी." "केवढा असतो?" हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी हाताने लिंबाएवढा दाखवला. मग जीव खालीवर होतो, तेही सांगितलं. तोंडचं पाणी पळतं, तेही. त्याने सगळं काळजीपूर्वक लिहून घेतलं आणि मला सोनोग्राफीला पाठवलं. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात धरून आनंदाने म्हणाला, "बॉल नाहीये!" त्याचा दोष नव्हता. आपण आपलं सगळं दुःख शरीराच्या भाषेत बोलतो आणि ते परक्या भाषेत गेलं की आजार होतो.

दुसरे समुपदेशक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्याकडे फळा होता. त्यावर त्यांनी मन म्हणून एक वर्तुळ काढलं, त्यात आणखी एक वर्तुळ काढलं, आणि आतल्या वर्तुळाशी आल्यावर त्यांना अमेरिकेतला आपला मुलगा आठवला. तो फोन करत नाही. दुसऱ्या वेळीही आम्ही त्याच मुलाशी आलो. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्हीच करा ना फोन, आपल्याकडे पोरं 'मजेत' म्हणतात त्याचा अर्थ तसा नसतो. त्यांनी डोळे पुसले. जाताना म्हणाले, "आज फार हलकं वाटलं." मी मान न वळवता जिना उतरले.

तिसऱ्या पद्माअक्का. त्यांचा पत्ता मला हाडांच्या दवाखान्यातल्या नर्सने दिला. ती कुजबुजत म्हणाली, "पूर्वी इथे व्यायाम शिकवायच्या. आता बोलतात आणि अंगाकडे बघतात, दोन्ही." हे ऐकून मी जावं की जाऊ नये या विचारात आठवडा घालवला.

पिठाच्या गिरणीच्या वर त्यांची खोली होती. जमीन बारीक थरथरायची. एक चटई, दोन लाकडी खुर्च्या, खिडकीत तुळस. बाई पन्नाशीच्या, केस पांढरे, नऊवारी नव्हे पण नऊवारीच्या तोऱ्यात नेसलेलं पाचवारी. माझं नाव विचारलं, गाव विचारलं. मी सवयीने इंग्रजीत तालुक्याचंच नाव सांगितलं, शहापूर, तुम्हाला माहीत नसेल.

त्या ताडकन उठल्या. "शहापूर? अगं, मी शहापूरचीच की!" आणि हे मराठीत. सहा वर्षांत बंगलोरमध्ये मला पहिल्यांदा कोणी 'अगं' म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या गल्लीत?" मी म्हटलं, गल्ली नाही, शेणवा. त्या म्हणाल्या, "शेणवा गल्ली कुठं आली गं? विणकरांच्या बाजूला?" आमच्याकडे विणकर कुठले? मी आपलं भाताबद्दल बोलत होते, त्या हातमागाच्या साड्यांबद्दल. पंधरा मिनिटं आम्ही एकमेकींना आठवणी सांगितल्या आणि एकही जुळेना. शेवटी लक्षात आलं, की त्यांचं शहापूर बेळगावातलं आणि माझं ठाणे जिल्ह्यातलं. दोघी इतक्या हसलो की खालच्या गिरणीवाल्याने वर पाहिलं असेल. हसता हसता त्या म्हणाल्या, "मान बघ. वळली की."

खरंच वळली होती. मग माझ्या लक्षात आलं आणि ती परत अडकली.

"आता चप्पल बाजूला. पाय जमिनीला लागू देत," अक्का म्हणाल्या. "आणि पाठ टेकव."

"टेकवलीय."

त्यांनी परवानगी विचारली आणि माझी पाठ व खुर्ची यांच्यामधून हात इकडून तिकडे नेला. "इथून रिक्षा जाईल की."

मी मागे सरकायचा प्रयत्न केला. चार बोटं. तेवढ्यात पोटात तो गोळा आला. मी घाबरत घाबरत सांगितलं, की पोटात गोळा आलाय. अक्का म्हणाल्या, "येऊ दे. कुठे आहे, दाखव. हात ठेव त्याच्यावर." एवढंच. सोनोग्राफी नाही, फळा नाही. मी पोटावर हात ठेवून बसले. खाली गिरणी घरघरत होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोण येईल असं वाटतंय?"

मी म्हटलं, "आबा. आज बुधवार आहे, तरी."

आणि मग मी रडले. म्हणजे आधी हसू आलं, की अठ्ठावीस वर्षांची बाई शनिवारला घाबरते, आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. आजोबांचं सांगितलं, ओट्यांचं, पट्टीचं. शेवटी म्हटलं, "पाठ टेकवली तर त्यांनी कमावलेलं सगळं मी घालवलं असं होईल."

मला वाटलं होतं, आता त्या म्हणतील, वडिलांचं ओझं उतरव वगैरे. मी भांडायच्या तयारीत होते. अक्का म्हणाल्या, "वडलांना विचारलंस का कधी?"

तेव्हापासून दर बुधवारी मी तिथे जाऊ लागले. कधी बोलणं कमी, श्वास जास्त. कधी नुसतं चटईवर पडून पाठीचा कुठला भाग जमिनीला लागतो आणि कुठला अजून शेणव्यात आहे ते बघायचं. घरचा अभ्यास म्हणून ऑफिसात रोज पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकवायची होती. पहिल्या दिवशी टेकवली तर शेजारचा मुलगा पाणी घेऊन धावत आला, त्याला वाटलं मी बेशुद्ध पडले. तीन महिन्यांनी प्रेझेंटेशन झालं. मध्येच मान अडखळली. मी थांबले, म्हटलं, एक मिनिट, आणि पाय जमिनीवर नीट टेकून श्वास घेतला. कोणी काही म्हणालं नाही. क्लायंटने तेवढ्यात आपला चहा संपवला. मान डावीकडे आली आणि मी पुढे बोलले.

पण अक्काचा प्रश्न तसाच राहिला होता.

पुढच्या वर्षी एप्रिलअखेर आबा अडतीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त होणार होते. वैशाखऱ्याच्या शाळेत निरोप समारंभ ठेवला होता, म्हणून मी घरी आले. आदल्या दिवशी दुपारी तिघं पडवीत होतो. आई चिंचा फोडत होती, आबा भाषणाचे मुद्दे काढत होते, ताठ. भाऊ सुरतला नोकरीवर, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. मानेचं, कूलरचं, अक्काचं. दर बुधवारी एका बाईसमोर बसून मी माझी पाठ टेकवायला शिकते आणि तुम्हाला इतकी वर्षं 'मजेत' म्हणून खोटं सांगत होते, हेही.

आई आधी बोलली. "म्हनजे तुझी मान धरली व्हती आनि तू मला सांगितलं नाय?" तिला बाकी कशाचं काही नव्हतं.

आबांनी कागद खाली ठेवला. उडू नये म्हणून त्यावर पेन ठेवलं. मग म्हणाले, "मी काय म्हनलं व्हतं?"

"ताठ बस. कुणापुढं वाकायचं नाय."

"मंग? मानसापुढं वाकू नको म्हनलं. खुर्चीला टेकू नको असं कदी म्हनलं गं?"

मी मनात तो एस.टी.चा थांबा परत उभा केला. आठवून आठवून पाहिलं. खरंच, नव्हतं म्हटलं.

"पन पट्टी?"

आबा जरा ओशाळले. "ती माझी चूक असंल. मला म्हायती नव्हतं किती लावायची." मग आईकडे बघून म्हणाले, "हिचं वेगळं म्हनायचो ना, ते ह्याच्यासाठीच. ही रोपापुढं वाकते. रोप काय हिला हलकं समजत नाय."

"रोपाला विचारलंत का?" आई म्हणाली आणि चिंच फोडू लागली.

त्यानंतर मी पडवीच्या खांबाला पाठ टेकून बसले. आबांसमोर. वार शनिवारच होता. आबांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि परत मुद्दे काढायला लागले.

समारंभ झकास झाला. मांडववाल्याने सत्कारमूर्तीसाठी एक लाल मखमली खुर्ची आणली होती, लग्नात नवऱ्याला ठेवतात तसली. आबा तिच्या पुढच्या टोकावर बसले. पहिलं भाषण सरपंचांचं, ते लांबलं. दुसरं केंद्रप्रमुखांचं, ते त्याहून लांबलं. तिसऱ्या भाषणात आबांच्या गळ्यात इतके हार झाले की त्या वजनाने म्हणा, उन्हाने म्हणा, ते हळूहळू मागे सरकायला लागले. मी आणि आई पहिल्या रांगेतून श्वास रोखून बघत होतो. शेवटी त्या मखमलीत ते पुरते बुडाले. शाल, नारळ, हार आणि वर फक्त चष्मा. त्यांनी एकदा उठायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. आराम.

आई माझ्या कानात म्हणाली, "अडतीस वर्षांनी बसला गो मानूस."

जिलेबीचं जेवण झालं आणि आम्ही संजयच्या जीपने निघालो. संजय म्हणजे वैशाखऱ्याचा आबांचा जुना विद्यार्थी, आता जीप चालवतो. आम्हाला शेणव्याला सोडून तो पुढे डोळखांबला जाणार होता. मागच्या सीटवर मधे मी, डावीकडे आई, उजवीकडे आबा. सरळगावपर्यंत आम्ही भाषणांची थट्टा करत होतो. पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा जीप उभी होती. माझं डोकं आईच्या खांद्यावर, तोंड उघडं. आबांचं डोकं माझ्या खांद्यावर, हारासकट. आई दोघांचा भार सांभाळत कधीची जागी होती आणि खिडकीतून डोंगर बघत होती. आबा हलले, चष्मा सरळ केला, बाहेर पाहिलं.

"संजय, हे शेणवा नाय."

"नाय गुरुजी. डोळखांब आलं." संजयने मान खाली घातली. "शेणव्याला थांबलो व्हतो. तुमी झोपले व्हते. चौथीत मी झोपायचो तेवा तुमी खडू मारायचे. म्हनलं, आज खडू कोन मारनार?"

आबांनी काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून जांभई आली. मग ते हसायलाच लागले.

मी आईला म्हटलं, "तू जागी होतीस ना? सांगायचंस की."

"सांगनार व्हते," आई म्हणाली. "पन तुमी दोघं येवढी जड झाली व्हती. म्हनलं, जाऊ दे जरा."

बंगलोरला आता माझा फ्लॅट आहे, दारावर माझं नाव आहे. शेणव्यातल्या दारावर आबांचं आहे. तुमच्यापैकी जे गावातच राहिले ते मला विचारतात, घरी कधी येतेस. आणि माझ्यासारखे जे गेले ते विचारतात, आता घर कोणतं धरायचं. अशा वेळी मला डोळखांबच्या नाक्यावरची ती दुपार आठवते. शेणवा मागे राहिलं होतं, बंगलोर फार लांब होतं, माझा डावा गाल आईच्या पदराने घामेजला होता, उजवा खांदा आबांच्या डोक्याने बधिर झाला होता, आणि कुठेच पोहोचायची घाई वाटत नव्हती.

आईने चपला शोधल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांत आधी खाली उतरली. "आलोच हाय," ती म्हणाली, "तर चा पिऊ."